शिरढोणचं स्टिअरिंग

माझ्या मुलीने लग्न केलं ते न्यूझीलंडमध्ये, तिथल्याच एका मुलाशी. रजिस्टर पद्धतीने, मोजक्या माणसांत. मी व्हिडिओ कॉलवर हजर होते. व्याह्यांची आणि माझी ओळख झाली ती तेव्हाच. म्हणजे त्यांनी पडद्याकडे बघून हात हलवला आणि मीही हलवला. पुढची काही वर्षं आमचं नातं तेवढंच राहिलं. दिवाळीला ते दोन शब्द बोलायचे, नाताळला मी दोन शब्द बोलायचे. मग ते उठून जायचे आणि पडद्यावर त्यांची रिकामी खुर्ची दिसत राहायची. त्यांची बायको लग्नाआधीच वारली होती. माझा नवरा त्याहून आधी गेला.

व्याही उंच, खांद्यात वाकलेले, कानाला मशीन लावणारे गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी डेअऱ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये त्यांनी एक गाडी बांधायला घेतली. मुलीने 'बांधायला' हाच शब्द वापरला, म्हणून मी विचारलं, गाडी बांधतात कशी? तर तिकडे हा छंद बऱ्याच लोकांना असतो म्हणे. गाडीचं वरचं अंग, बहुतेक फायबरचं, एखादा लहान कारखाना तयार विकतो. खालचं सगळं, इंजिन, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग, एखाद्या जुन्या गाडीतून मिळवायचं आणि स्वतःच्या हातांनी जुळवायचं. तिला किट कार म्हणतात. व्याह्यांची गाडी जुन्या इटालियन शर्यतीच्या गाड्यांसारखी दिसणारी होती. बुटकी, वर छप्पर नाही, बसायला दोनच जागा.

एका सकाळी मुलीचा फोन आला. "आई, मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी होती बघ. आपल्या दुकानात तिचेच पार्ट असायचे ना?"

"तिचेच असायचे. का?"

"बाबांची गाडी त्याच गाडीच्या सामानावर बसते. मूळ इटलीची गाडी ना ती. इटलीत केव्हाच बंद झाली. तुझ्याकडे अजून काही आहे का?"

ती सासऱ्यांना बाबा म्हणते हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "काही नाही. सगळं देऊन टाकलं." आणि फोन ठेवून कपडे वाळत घालायला गेले.

दुकान आमचं जुन्या पनवेलमध्ये, तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. सुरू नवऱ्याने केलं. पुढे त्याची किडनीची दुखणी सुरू झाली आणि दवाखान्याच्या वाऱ्या वाढल्या, तेव्हा काउंटरवर मी बसायला लागले. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "शेठ नाहीत का?" मी म्हणायचे, "काय पाहिजे ते सांगा." मग तो हातातला झिजलेला पार्ट काउंटरवर ठेवायचा. वर्षभरात मी पार्ट नुसता बघून सांगायला लागले की हा नुसता बदलून भागणार नाही, याच्या सोबतचा बुशही गेलेला असणार. टॅक्सीवाले कमी कमी होत गेले तसं दुकानही कमी कमी होत गेलं. नवरा गेल्यावर मी माल विकला, गाळा विकला आणि करंजाड्याला फ्लॅट घेतला. आमच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

दुसऱ्या दिवशी मुलीने व्याह्यांचा निरोप पाठवला, त्याला एक फोटो जोडलेला होता. स्टिअरिंग बॉक्सचा. म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला असतो तो लोखंडी डबा. स्टिअरिंगचं चाक फिरवलं की ते फिरणं याच डब्यातून पुढच्या चाकांपर्यंत पोचतं. त्यांच्याकडचा पार झिजलेला होता, आणि त्याच्या खालचा ड्रॉप आर्म, म्हणजे पुढच्या चाकांना वळवणारा लोखंडी हात, कोणीतरी कधीतरी वेल्डिंग करून सांधलेला. तिकडे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी तपासनीस येऊन स्टिअरिंग आणि ब्रेक तपासतो, आणि वेल्डिंग केलेला आर्म तो पास करत नाही. इटलीत बॉक्स मिळत होता, पण तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे तो उलटा. न्यूझीलंडमध्ये उजवीकडे, आपल्यासारखंच. आणि उजवीकडच्या स्टिअरिंगची ती गाडी सगळ्यांत शेवटपर्यंत बनली ती आपल्याकडे.

फोटो मी मोठा करून बघितला. नंतर पायांत चपला घातल्या आणि कळंबोलीला जाणारी रिक्षा केली.

कळंबोलीत ट्रकच्या अड्ड्यामागे ज्यांचं गोडाऊन आहे, त्या भाईंनी माझा सगळा माल विकत घेतला होता. त्याआधी बरीच वर्षं आम्ही एकाच धंद्यातले, म्हणजे एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणारे. ते कोकणी मुसलमान, घराणं पनवेलचंच. मी आत गेले तर ते खुर्चीत बसून चष्मा पुसत होते.

"भाभी? या, तशरीफ ठेवा. माल परत पाहिजे काय?"

"थोडासा पाहिजे."

मी फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. मग उठून मागे गेले आणि लाकडी फळ्यांवरून एकेक पुडकं काढून आणायला लागले. किंगपिनचा सेट, ब्रेकचे सिलिंडर, बुश, क्लच प्लेट. बहुतेक माल मेणकागदात जसाच्या तसा. काही पुडक्यांवर माझंच अक्षर होतं.

"हे सगळं आहे. लेकिन बॉक्स नाही," ते म्हणाले. "टॅक्स्या कटल्या तेव्हा बॉक्स वजनावर भंगारात गेले. कोण ठेवणार? एकच गाडी आहे माझ्या नजरेत. शिरढोणला. मी दोन वेळा जाऊन आलो. म्हातारी दारात उभं करत नाही. तुम्ही बाईमाणूस, जाऊन बघा. नसीब असेल तर बोलेल."

शिरढोणला क्रांतिवीराच्या स्मारकाच्या पुढून आत वळलं की नवी तीनमजली घरं लागतात, काचा आणि स्टीलच्या कठड्यांची. त्यांतल्याच एका घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली ती गाडी उभी होती. रंग मूळचा सायीसारखा असावा. चारही टायर बसलेले, मागची काच नाही, आणि मागच्या सीटवर एक कोंबडी बसलेली. शेडच्या सावलीत एक म्हातारी वाल सोलत होती.

"मोटार इकायची नाय," मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली.

"मी मोटार विकत घ्यायला नाही आले, आजी. तिच्यातला एक पार्ट बघायचाय."

"कनचा?"

"स्टिअरिंगच्या खालचा डबा."

"त्यो काढला त गारी चालंल का?"

"आता तरी कुठे चालते?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग बाजूचा पाट माझ्याकडे सरकवला. मी बसले. समोर वालाच्या शेंगा होत्या, हात रिकामे ठेवणं बरं दिसेना, म्हणून मीही सोलायला लागले.

ती आपणहून सांगत गेली. नव्या शहरासाठी त्यांची भातशेती आणि मिठागर गेलं, तेव्हा मिळालेल्या पैशातून तिच्या नवऱ्याने ही गाडी घेतली. गावातली पहिली. त्याला स्वतःला ती कधी धड चालवता आली नाही. ड्रायव्हर ठेवला होता. "माजा धाकटा या गारीतच झाला," ती म्हणाली. "पनवेलला दवाखान्यात चाललेलो. वाटंतच झाला, मागच्या शिटीवर. आनि आता त्योच बोलतो, आये, गारी भंगारात दे, मना माजी मोठी गारी लावायला जागा नाय."

"मग?"

"मग काय? मी हाय तवर नाय बोललंय. पन मी किती दिस हाय?"

मी तिला व्याह्यांबद्दल सांगितलं. माझ्या मुलीचे सासरे, परदेशात राहतात, स्वतः गाडी बांधतात, हा डबा नसल्यामुळे अडून राहिलेत. तिने विचारलं, "वय काय त्यांचं?" मी अंदाजाने सांगितलं. "या वयाला गारी बांधतान?" असं म्हणून तिने हातातली शेंग सोलून टोपलीत टाकली. मग म्हणाली, "डबा न्या. पन भायेरनं गारी हाय तशीच दिसली पायजे. आनि आनखी एक काम करायचं. माज्या पोराला तुमी सांगायचं, का ही गारी आता त्या परदेशातल्या मानसानं धरून ठेवलीय. तिचं सामान जसं लागंल तसं जानार. तवर तिला हात लावायचा नाय."

"म्हणजे खोटं सांगू?"

"खोटं कशाला? उद्या त्यांना आनखी काय लागलं त?"

मी पुढची शेंग उचलली. तिचा तो धाकटा मुलगा दुपारी आला. चाळिशी ओलांडलेला, गळ्यात जाड चेन, हातात दोन फोन. मी त्याला सांगितलं, अगदी काउंटरवरच्या आवाजात, की गाडीचं सामान टप्प्याटप्प्याने न्यूझीलंडला जाणार आहे आणि काम पूर्ण होईपर्यंत गाडी इथून हलवता येणार नाही. त्याने आईकडे बघितलं. आई वालाची टोपली घेऊन आत निघून गेली होती.

"न्यूझीलंडला?" तो म्हणाला.

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि आपली मोठी गाडी रस्त्यावरच लावून जेवायला गेला.

भाईंनी त्यांचा फिटर पाठवला. कोंबडीला हाकलून तो गाडीखाली सरपटत शिरला. बॉक्स, त्याच्या खालचा आर्म, लांब दांडा, आणि त्या दांड्यालाच जोडलेला गिअरचा लिव्हर, असं सगळं एकत्र निघालं. त्या गाडीत गिअर पायाजवळ नसतो, स्टिअरिंगच्या खाली हाताशी असतो. स्टिअरिंगचं नुसतं चाक म्हातारीने परत जागेवर टेकवून ठेवायला लावलं. लांबून बघितलं तर काही काढलंय हे कळत नव्हतं.

मग खरं काम सुरू झालं. न्यूझीलंडमध्ये बाहेरून येणाऱ्या जुन्या सामानाला मातीचा कण, बी, किड्याचं अंडं, काहीही चिकटलेलं चालत नाही. हे व्याह्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि तो आमचा पहिला खरा संवाद. मुलगी सुरुवातीला मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगत होती. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की तिची गरज नाही. माझं इंग्रजी दुकानाबाहेरचं नाही. पण दुकानातलं सगळं इंग्रजीच होतं. बेअरिंग, बुश, सील, प्ले, थ्रेड. त्यांनी विचारलं, बॉक्समध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, किती आहे? मी दांडा हाताने हळूहळू फिरवून कॅमेऱ्यासमोर धरला आणि आर्म किती वेळ हलत नाही ते दाखवलं. ते म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा दाखवलं. ते म्हणाले, गुड. मी म्हटलं, व्हेरी गुड, टॅक्सी नाही झालेली, घरगुती गाडी आहे.

रॉकेल आता मिळत नाही. मी डिझेल आणून सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याच्या परातीत सगळे पार्ट धुतले. जुने दात घासायचे ब्रश, तार, सुई. ग्रीस इतकं घट्ट झालेलं की आधी ते चमच्याने खरवडावं लागलं. सेक्रेटरी वर येऊन म्हणाले, "मॅडम, वास चौथ्या मजल्यापर्यंत येतोय." मी म्हटलं, "आजच्या दिवस." आजच्या दिवसाचे बरेच दिवस झाले. सेक्रेटरींनी नंतर येणं सोडलं. मला त्या कामात काही फार आनंद होत होता असं नाही. पण सकाळी उठल्यावर काय करायचं हे ठरलेलं असायचं, आणि ते बऱ्याच काळानंतर होत होतं.

दर रविवारी सकाळी व्याह्यांचा कॉल यायचा. तिकडे दुपार. ते शेडमध्ये उभे असायचे, मागे ती गाडी, बिनरंगाची, खरखरीत. मी पार्ट दाखवायचे, ते जागा दाखवायचे. मला काय हाक मारायची हे त्यांनी मुलीला विचारलं होतं. तिने सांगितलं, विहीणबाई. त्यांच्या तोंडून ते 'विनीबाय' असं यायचं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

पहिलं पार्सल गेलं आणि तिकडच्या तपासणीत अडकलं. व्याह्यांना बोलावणं आलं. मी दोन रात्री नीट झोपले नाही, कारण धुण्यात मी काहीच कसर ठेवली नव्हती. रविवारी ते स्क्रीनवर आले तेच हसत. दांड्याच्या पोकळ नळीत, अगदी मध्यभागी, कोंबडीचं एक पीस सापडलं होतं. तपासनिसांनी ते चिमट्याने काढलं, पिशवीत घातलं, त्याच्यावर लेबल लावलं आणि जाळून टाकलं. नळीतून औषध मारलं आणि मग सामान सोडलं.

"त्यांनी मला विचारलं, हा पक्षी कोणता?" व्याही म्हणाले. "मी सांगितलं, मला माहीत नाही, माझ्या विनीबायला विचारा."

मी शिरढोणला गेले तेव्हा म्हातारीला हे सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला आणि हसता हसता तिला खोकला लागला. गाडी जागेवरच होती. पोराची मोठी गाडी अजून रस्त्यावर.

दुसरं पार्सल मोठं होतं. शिरढोणच्या गाडीतूनच काढलेलं मागच्या ब्रेकचं सामान, गिअरच्या लिव्हरच्या खालच्या जोडण्या, भाईंकडून आणखी काही. लाकडी खोका करायचा तर त्या लाकडावरही कीड मारल्याचा शिक्का लागतो. भाईंनी तसा खोका कुठून तरी मिळवला आणि स्वतः घरी पोचवला. चहा घेताना ते म्हणाले, "भाभी, आपण दोघं आधीच असं मिळून धंदा केला असता तर?" मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही माझं गिऱ्हाईक तोडत होतात." ते म्हणाले, "हां, ते पण खरं."

खोका भरून तयार होता त्याच सुमारास मुलीचा फोन आला. आठवड्याच्या मधल्या दिवशी. मी स्वयंपाक करत होते.

"आई, आम्ही वेगळे झालोय."

मी गॅस बंद केला.

"म्हणजे मी दुसरीकडे राहायला गेलेय. बरेच दिवस झाले. तुला सांगायचं होतं, पण जमत नव्हतं."

"काय झालं?"

"एक काही नाही झालं. असं कुणी कुणाला मारलं, फसवलं असं काही नाही. आता नाही जमत, एवढंच."

मी विचारलं, जेवतेस ना, जागा कशी आहे, एकटीच आहेस का. तिने सगळ्याला नीट उत्तरं दिली. ती रडली नाही, मीही रडले नाही. फोन ठेवल्यावर मला एक गोष्ट लक्षात आली. गेले कितीतरी रविवार ती कॉलवर नव्हती. मी समजत होते, कामात असेल. व्याह्यांना तेव्हा सगळं माहीत होतं. ते माझ्याशी बुश आणि सीलबद्दल बोलत होते आणि त्यांना माहीत होतं. मला त्याचा राग आला. मुलीपेक्षा, जावयापेक्षा त्यांचाच जास्त आला. दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला तेव्हा कळलं की, आईला मी स्वतः सांगणार, तुम्ही सांगू नका, असं तिनेच त्यांना बजावलं होतं.

"आणि आता त्यांना काही पाठवू नकोस," ती म्हणाली. "बरं दिसत नाही."

खोका दाराशी चपलांच्या रॅकजवळ पडून राहिला. रविवारी कॉल आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी एरवी जे करायचे तेच करत होते. भाजी आणणं, बँक, संध्याकाळी खाली चार बायकांत बसणं. कोणाला काही सांगितलं नाही. येता-जाता पायाला खोका लागायचा. एकदा भाईंचा फोन आला, "पार्सल पोचलं काय?" मी म्हटलं, "अजून नाही," जे खरंच होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी स्वतः कॉल लावला. तोवर तो मी कधीच लावला नव्हता, नेहमी त्यांचाच यायचा. बऱ्याच वेळाने त्यांनी घेतला. ते शेडमध्ये नव्हते, स्वयंपाकघरात बसलेले होते. कानातलं मशीन बसवायला त्यांना वेळ लागला.

"मला वाटलं तुम्ही रागावला असाल," ते म्हणाले.

"रागावले होते."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "माझ्या मुलाबद्दल मी काही बोलू शकत नाही."

"मीही माझ्या मुलीबद्दल बोलणार नाही," मी म्हटलं. माझ्या इंग्रजीत हे कसं आलं असेल कोण जाणे, पण त्यांना समजलं. "खोका भरून तयार आहे. पत्ता तोच ना?"

"तोच. पण विनीबाय, आता तुम्हाला ते पाठवायलाच हवं असं काही नाही." मग ते थांबले. "आणि आता मी तुम्हाला काय म्हणायचं?"

"तेच म्हणा. या वयात दुसरं कधी पाठ होणार तुम्हाला?"

मग आम्ही गिअरच्या जोडण्यांबद्दल बोललो. सोमवारी मी खोका पाठवला.

मुलीला ते कळलंच. "तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बाजूचा प्रश्न नाही. अर्धं सामान तिकडे गेलंय, अर्धं इथे दारात पडलं होतं." ती म्हणाली, "तुला कळतच नाही." काही आठवडे ती माझ्याशी हवापाण्यापुरतंच बोलली. मी तिला समजवायला गेले नाही. समजावण्यासारखं माझ्याकडे काही होतं असं आजही मला वाटत नाही.

थंडीच्या दिवसांत तिनेच तिकीट काढलं आणि मी न्यूझीलंडला गेले. तिकडे तेव्हा उन्हाळा. तिचं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, नीटनेटकं. ती कामावर जायची, मी स्वयंपाक करायचे, संध्याकाळी आम्ही समुद्रावर चालायला जायचो. जावयाचा विषय ती काढायची नाही. एकदा चालता चालता ती सासऱ्यांबद्दल इतकंच म्हणाली, "बाबांशी बोलायचं राहून गेलं. ते आजारी असताना मी करायचे सगळं. आणि निघताना त्यांना सांगायलाही गेले नाही." मी म्हटलं, "अजून जाता येईल." ती म्हणाली, "काय बोलणार जाऊन?"

व्याह्यांना मी आलेय हे माहीत होतं. गाडी तपासनिसाने पास केली होती, हेही त्यांनी मला कळवलं होतं. शनिवारी सकाळी खाली एक आवाज आला आणि मी तवा उतरवून खिडकीशी गेले. तसा आवाज तिकडच्या कुठल्याच गाडीचा नव्हता. गाडी आता गडद निळी होती. व्याही आत बसलेले, डोक्यावर टोपी, गुडघे जवळजवळ चाकाला टेकलेले. मुलगी खिडकीपाशी आली, तिने बघितलं आणि ती आतल्या खोलीत गेली.

मी एकटीच खाली उतरले. प्रत्यक्षात ते मला वाटले होते त्याहून उंच निघाले, आणि त्यांचे हात थरथरत होते. पडद्यावर ते कधी दिसलं नव्हतं. आम्ही हात मिळवले. त्यांनी दार उघडून धरलं. दार कसलं, गुडघ्याएवढी पट्टी. साडी सावरून आत शिरायला मला बराच वेळ लागला, आणि एकदा बसल्यावर वाटलं, आपण रस्त्यावरच बसलोय.

आम्ही समुद्राच्या कडेने गेलो. वाऱ्यामुळे बोलणं शक्यच नव्हतं. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. स्टिअरिंगखालचा लिव्हर ते तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घ्यायला गेले की अडखळत. दोनदा अडखळले. तिसऱ्या वेळी मी हात पुढे केला, लिव्हर आधी चाकाकडे ओढला आणि मग खाली. तो मऊसूत बसला. पुढच्या चढावर त्यांनी स्वतः तसंच केलं आणि माझ्याकडे बघून भुवया उचलल्या.

"डावीकडे ओढतेय," एका ठिकाणी थांबल्यावर मी म्हटलं.

"माहीत आहे. चाकांची अलाइनमेंट अजून बाकी आहे."

"बॉक्स?"

त्यांनी अंगठा वर केला. मग दोन्ही हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले आणि समुद्राकडे बघत राहिले. ते म्हणाले की डॉक्टरांनी या थरथरीबद्दल स्पष्ट सांगितलंय, लायसन्स पुढच्या वेळी मिळेलच असं नाही. हे त्यांनी अलाइनमेंटबद्दल सांगितलं तशाच आवाजात सांगितलं. मी म्हटलं, "मग पुढच्या वेळेपर्यंत चालवा." ते म्हणाले, "तेच करतोय."

आम्ही परत आलो तेव्हा मुलगी खाली फुटपाथवर उभी होती. घरातल्याच कपड्यांत, हात छातीशी बांधून. व्याह्यांनी इंजिन बंद केलं नाही. त्यांनी टोपी काढली. ती म्हणाली, "हाय, बाबा." ते डोळे पुसायला रुमाल शोधू लागले. तो त्यांना सापडेना.

गाडीत जागा दोनच होत्या. मी पट्टीवजा दार ढकललं आणि आधी एक पाय, मग दुसरा, असं करत बाहेर आले. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी बाजूला झाले. ती आत बसली. गाडी थोडी झटका खाऊन निघाली आणि चौकातून डावीकडे वळली.

मी वर गेले. तांदूळ धुतले, आमटीला फोडणी दिली, पापड काढले. ते दोघं परत आले तेव्हा ऊन बरंच वर आलेलं होतं. जिना चढताना मुलीने त्यांचा हात धरला होता. तिघं जेवायला बसलो. ती आणि ते इंग्रजीत भराभर बोलत होते, कधी ती, कधी ते. मला सगळं कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. त्यांच्या ताटातला भात संपला होता, तो मी वाढला.